चॅम्पियन्स लीगच्या वादात गोलांची नुसती बेरीज पुरत नाही

पुण्यात चॅम्पियन्स लीगचा, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या फुटबॉल स्पर्धेचा, वाद बहुतेक वेळा गोलांच्या दोन आकड्यांवर येऊन अडतो: रोनाल्डो १४०, मेस्सी १२९. बाणेरच्या टर्फवर खेळून झाल्यावर असो की फर्ग्युसन रस्त्यावर चहा घेताना, कुणीतरी हे आकडे टाकतो, समोरचा ‘पण मॅच किती?’ विचारतो (रोनाल्डो १८३, मेस्सी १६३) आणि त्यापुढे फक्त आवाज चढतात. आकडे खरे आहेत. पण बेरीज हा या वादातला सगळ्यात कच्चा पुरावा आहे. गोल कधी झाला, कुणाविरुद्ध, त्या क्षणी स्कोअर काय होता आणि नियम कुठला लागू होता, हे सगळं बेरजेत पुसलं जातं.

पहिली फोड सोपी आहे: गटसाखळी वेगळी, बाद फेरी वेगळी. मेस्सीचे ८० गोल गटसाखळीतले आणि ४९ बाद फेरीतले. रोनाल्डोचे ७३ आणि ६७. म्हणजे गटसाखळीत मेस्सी सातने पुढे, बाद फेरीत रोनाल्डो अठराने. एवढं केलं तरी वादाचा दर्जा लगेच सुधारतो, पण इथेच थांबलं तर पुन्हा फसगत. बाद फेरीतले सगळे गोलही सारख्या वजनाचे नसतात.

त्यासाठी बाद फेरीतला प्रत्येक गोल एका ओळीत लिहून काढावा. मिनिट, गोल होण्याआधीचा दोन्ही लेगचा मिळून स्कोअर (फायनल सोडली तर बाद फेरीत दोन संघांच्या दोन मॅच होतात, प्रत्येकाच्या मैदानावर एक; ती एक मॅच म्हणजे लेग आणि दोन्ही मिळून टाय), पेनल्टी होती का, समोर अकरा होते की दहा, आणि नव्वद मिनिटांत झाला की जादा वेळेत. मग प्रत्येक गोल तीनपैकी एका रकान्यात टाकायचा: बरोबरी किंवा आघाडी देणारा, पिछाडी कमी करणारा, आघाडी वाढवणारा. एका खेळाडूच्या एका हंगामाला अर्धा तास पुरतो.

रेयाल माद्रिदच्या बेंझेमाचा २०२१-२२ चा हंगाम घ्या. एकूण १५ गोल, त्यातले १० बाद फेरीत. पॅरिसच्या पीएसजीविरुद्ध रेयाल दोन्ही लेग मिळून ०-२ मागे असताना ६१ व्या मिनिटाला पहिला (गोलकीपर डोनारुम्मावर धावून जाऊन त्याच्याकडून चूक करवून घेतली, तिथून तो गोल आला), ७६ व्या मिनिटाला बरोबरी, ७८ व्या मिनिटाला आघाडी. मग चेल्सीच्या मैदानावर तीन: २१, २४ आणि ४६. परतीच्या लेगमध्ये ९६ व्या मिनिटाला, जादा वेळेत, निकाल फिरवणारा. मँचेस्टर सिटीच्या मैदानावर ३३ व्या मिनिटाला ०-२ चं १-२ करणारा आणि ८२ व्या मिनिटाला पेनल्टीवर २-४ चं ३-४ करणारा. माद्रिदमध्ये ९५ व्या मिनिटाला पुन्हा पेनल्टी, ६-५. रकान्यांत टाकलं तर पाच गोल बरोबरी किंवा आघाडीचे, तीन पिछाडी कमी करणारे, दोनच आघाडी वाढवणारे. दहात दोन पेनल्टी. एकाच हंगामाच्या बाद फेरीत कुणा फॉरवर्डची याहून भक्कम कामगिरी मला तरी दाखवता येत नाही.

तरी याच तक्त्यात एक अडचण आहे आणि ती नियमामुळे आली. अवे गोलचा नियम (एकूण बरोबरी झाली तर समोरच्याच्या मैदानावर जास्त गोल करणारा संघ पुढे) युएफानं, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेनं, २०२१-२२ च्या हंगामापासून काढून टाकला. सिटीविरुद्ध माद्रिदमध्ये नव्वद मिनिटं संपली तेव्हा एकूण ५-५ होतं. रेयालचे बाहेरचे गोल तीन, सिटीचा एक. जुना नियम असता तर रेयाल तिथेच फायनलला गेलं असतं, जादा वेळ झाला नसता आणि बेंझेमाची ती पेनल्टीही झाली नसती. म्हणजे खरा टाय वाचवला रेयालच्याच रॉड्रिगोनं, ९० आणि ९०+१ व्या मिनिटाला. वेगवेगळ्या काळातले खेळाडू तोलताना हे ध्यानात ठेवावंच लागतं: २०२१ च्या आधी कितीतरी टाय नव्वद मिनिटांतच संपायचे, आज तेच जादा वेळेत जातात आणि तीस मिनिटं गोलांची संधी वाढते.

रेयालकडून खेळताना रोनाल्डोची २०१७ ची बायर्न म्युनिकविरुद्धची उपांत्यपूर्व फेरी या तक्त्यावर तपासण्यासारखी आहे, कारण दोन्ही बाजूंना तिथून दारूगोळा मिळतो. दोन लेगमध्ये पाच गोल, समोर गोलकीपर नॉयर. पाचातले चार बरोबरी किंवा आघाडीचे. पण म्युनिकमधला दुसरा गोल बायर्नच्या हावी मार्टिनेझला लाल कार्ड मिळाल्यावरचा, आणि माद्रिदमधले जादा वेळेतले दोन्ही बायर्नच्याच विदालला बाहेर काढल्यावरचे. शिवाय ते दोन्ही ऑफसाइड होते, आणि चॅम्पियन्स लीगमध्ये व्हीएआर (व्हिडिओ पाहून पंचांचे निर्णय तपासणं) आलं ते फेब्रुवारी २०१९ मध्ये. बायर्नवाल्यांचा राग रास्त आहे. रेयालवाल्यांचं म्हणणंही रास्त आहे: समोर अकरा असतानाच रोनाल्डोनं एक बरोबरीचा आणि एक आघाडीचा गोल केला होता. तक्ता वाद मिटवत नाही, पण वाद कशावर चाललाय ते तरी कळतं.

उलट उदाहरण सिटीच्या हालांडचं. १४ मार्च २०२३ ला लाइपझिशविरुद्ध पाच गोल, ६३ व्या मिनिटाला बाहेर. पहिला लेग १-१ होता, त्यामुळे २२ व्या मिनिटाची पेनल्टी आघाडीची. बाकीचे चार आघाडी वाढवणारे. त्या हंगामात तो १२ गोलांसह अव्वल, पण उपांत्य फेरीत रेयालविरुद्ध आणि फायनलमध्ये इंटरविरुद्ध एकही नाही. युएफानं चॅम्पियन्स लीगच्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू निवडला त्याच्याच संघातल्या रॉड्रीला. योग्यच केलं.

हंगामाची लांबी ही आणखी एक चाळणी. १९५५-५६ च्या पहिल्या युरोपियन कपात (चॅम्पियन्स लीगचं जुनं नाव) विजेत्याला सातच मॅच खेळायच्या होत्या. रेयालच्या डी स्टेफानोचे ५८ मॅचमध्ये ४९ गोल त्या काळातले. १९९९ ते २००३ या काळात दोन-दोन गटसाखळ्या होत्या, तेव्हा विजेत्याला १७ मॅच. नंतर १३. आता ३६ संघांच्या लीग फेजमध्ये प्रत्येकाला आठ मॅच, पहिले आठ थेट पुढच्या फेरीत, नववा ते चोविसावा प्लेऑफमध्ये. म्हणजे १५, आणि प्लेऑफमधून गेलं तर १७, जसं पीएसजीला २०२५ मध्ये जावं लागलं. त्यामुळे ‘एका हंगामात सर्वाधिक’ असं कुणी म्हणालं की आधी मॅच विचाराव्यात. बायर्नच्या लेवांडोव्स्कीचे २०१९-२० मधले १५ गोल दहा मॅचमधले आहेत, कारण करोनामुळे लिस्बनमध्ये उपांत्यपूर्व आणि उपांत्य फेरी एकाच लेगची झाली आणि एक मॅच तो खेळला नाही.

शूटआउटचे (जादा वेळेनंतरही बरोबरी राहिली तर निकालासाठी मारल्या जाणाऱ्या पेनल्टींचे) गोल कुणाच्याच बेरजेत धरत नाहीत, आणि हुकलेली पेनल्टीही धरत नाहीत. २०१४ मध्ये एफसी पुणे सिटीकडून बालेवाडीत खेळलेला त्रेझेगे, त्याची २००३ च्या फायनलमधली शूटआउटची पेनल्टी मिलानचा गोलकीपर डिडानं अडवली होती. तीन पेनल्टी अडवणारा डिडा गोलांच्या यादीत कुठेच सापडत नाही.

आता क्लबांमधल्या वैराबद्दल. चाहत्यांची संख्या किंवा नावाचा दबदबा यावरून युरोपातलं वैर ठरत नाही. रेयाल आणि बार्सिलोना युरोपियन कप-चॅम्पियन्स लीगमध्ये चारच टायमध्ये समोरासमोर आले: १९६०, त्याच वर्षी पुढच्या हंगामात, २००२ आणि २०११. आठ मॅच. ते वैर स्पेनमधलं आहे. लिव्हरपूल-मिलानच्या दोन फायनल (२००५ ला इस्तंबूल, २००७ ला अथेन्स) अविस्मरणीय, पण दोन फायनलनं वैर होत नाही, हिशोब चुकता होतो.

माझ्या लेखी खरं वैर तेच, ज्यात बाद फेरीत वारंवार गाठ पडते आणि निकाल दोन्ही बाजूंना जातो. रेयाल-बायर्न त्यातलं जुनं. १९७६ च्या उपांत्य फेरीत बायर्न जिंकलं, तिथून सुरुवात. २०१२ ला माद्रिदमध्ये शूटआउटमध्ये बायर्न, मग २०१४ ला म्युनिकमध्ये ०-४, २०१७, २०१८ आणि २०२४ (होसेलूचे गोल, ८८ आणि ९०+१): चारही वेळा रेयाल. या चार टायमध्ये इतकं एकतर्फी होऊनही ते वैर टिकलं, कारण २०१४ सोडलं तर यातला प्रत्येक टाय शेवटपर्यंत लोंबकळत राहिला. रेयाल-सिटी मात्र ताजं आणि दाट: २०२२ रेयाल, २०२३ सिटी (१-१, ४-०), २०२४ रेयाल शूटआउटमध्ये, २०२५ रेयाल ६-३. २०२५ ची गाठ प्लेऑफमध्येच पडली, कारण लीग फेजमध्ये रेयाल अकरावं आणि सिटी बाविसावं आलं होतं. नव्या पद्धतीत असे मोठे टाय फेब्रुवारीतच येणार.

मिलानची डर्बी (एकाच शहरातल्या एसी मिलान आणि इंटरची लढत) या सगळ्यात वेगळीच. २००३ ची उपांत्य फेरी: ०-० आणि १-१, दोन्ही मॅच एकाच सान सिरोवर, आणि एसी मिलान अवे गोलवर पुढे. स्वतःच्याच मैदानावरचा गोल ‘बाहेरचा’ धरला गेला. इंटरच्या चाहत्यांना तो निकाल अजून टोचतो आणि २०२३ च्या २-०, १-० नं तो पुरता भरून निघालेला नाही.

गोल न करणाऱ्यांवर अन्याय होतो त्याचं आपल्याकडचं एक कारण अगदी साधं आहे: वेळ. मुख्य मॅच युरोपात रात्री नऊला सुरू होते. म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात साडेबारा, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत दीड. सकाळी हिंजवडीची बस पकडायची असली की बहुतेकजण हायलाइट्सवर भागवतात, आणि हायलाइट्समध्ये गोल असतात. रेयालच्या गोलकीपर कोर्तुआच्या २०२२ च्या फायनलमधल्या नऊ सेव्हपैकी तीन-चार दिसतात. मॉड्रिचचा चेल्सीविरुद्धचा बाहेरच्या पायानं दिलेला पास दिसतो, कारण त्यावर रॉड्रिगोनं गोल केला. त्याआधी मॉड्रिच सतत रिकामी जागा धरून चेंडू कसा मागत होता, ते कापलं जातं.

अख्खी मॅच जमत नसेल तर परतीचा लेग साठाव्या मिनिटापासून पाहावा. पाच बदल करायची मुभा असल्यानं दोन्ही प्रशिक्षक साधारण तिथूनच डाव उलगडायला लागतात, पाय जड झालेले असतात, मधली फळी विस्कळीत होते आणि कोण अजून जागेवर आहे ते स्पष्ट दिसतं. रेयालनं २०२२ मध्ये तीन टाय फिरवले ते ६१ व्या मिनिटापासून पुढेच. मध्यंतर आणि वाया गेलेली मिनिटं धरून साडेबाराच्या मॅचला गजर पावणेदोनचा लावावा, दीडच्या मॅचला पावणेतीनचा. आणि हायलाइट्स सकाळी, गोलांची मिनिटं लिहून घेण्यापुरत्या.