एकाच प्रश्नाची मतपत्रिका

८ ऑगस्ट २०२३ ला अमेरिकेतल्या ओहायो राज्यात विशेष मतदान झालं, तेव्हा कोलंबसमधल्या एका केंद्रावर मी निवडणूक कर्मचारी होते. उमेदवार कुणीच नव्हते. मतपत्रिकेवर एकच प्रश्न होता, 'इश्यू वन': ओहायो राज्याची स्वतःची घटना दुरुस्त करण्याची वाट अवघड करायची का?

१९१२ पासून ओहायोच्या नागरिकांना सह्या गोळा करून घटनादुरुस्ती थेट मतदानाला आणता येते. भारतात असा हक्क आपल्याला नाही, म्हणून मला त्याचं मोल फार वाटतं. ओहायोच्या ८८ पैकी निदान ४४ काउंट्यांत, म्हणजे जिल्ह्यांत, सह्यांचं ठरावीक प्रमाण गाठायचं आणि मतदानात साधं बहुमत मिळवायचं. आता राज्याच्या विधिमंडळाला मतदानात ६० टक्क्यांची अट हवी होती आणि सह्याही सगळ्या ८८ काउंट्यांतून. एखाद्या लहानशा काउंटीत सह्या कमी पडल्या की राज्यभरची मेहनत वाया! आणि ६० टक्क्यांची ही अट स्वतः मात्र साध्या बहुमतानं मंजूर होणार होती.

ऑगस्टमध्ये मतदार फिरकत नाहीत, म्हणून अशा बहुतेक निवडणुका याच विधिमंडळानं थोड्याच महिन्यांपूर्वी बंद केल्या होत्या. आमच्याकडे सकाळी साडेसहापासून माणसं येत राहिली. राज्यभरात तीस लाखांहून जास्त लोकांनी मत दिलं.

दुपारी एक वृद्ध बाई आल्या. नजर अधू होती. अशा मतदाराला मदत करायला दोन वेगळ्या पक्षांचे दोन कर्मचारी लागतात, म्हणून मी आणि माझी रिपब्लिकन सहकारी त्यांच्याजवळ गेलो. मजकुरात घटनादुरुस्तीचे 'निकष उंचावण्याची' भाषा होती. ऐकून त्यांनी विचारलं, "हो म्हटलं तर माझा हक्क वाढतो की कमी होतो?" उत्तर अगदी ओठांवर आलं होतं. केंद्रात ते देता येत नाही, आणि हा नियम मला मनापासून पटतो. आम्ही तोच मजकूर पुन्हा, सावकाश वाचला. त्यांनी काय निवडलं ते आम्ही दोघी कुणालाच सांगणार नाही.

रात्री पार्किंगमध्ये सहकारी म्हणाली, "घटनेत कॅसिनोच्या जागासुद्धा लिहिल्यात. पैसेवाल्यांनी उद्या आणखी काय घुसवावं?" तिचं म्हणणं खोटं नव्हतं. २००९ मध्ये तशी दुरुस्ती झालीच आहे. पण सगळ्या काउंट्यांत माणसं पाठवून सह्या गोळा करणं कॅसिनोवाल्यांना परवडतं. अडतात ते स्वयंसेवकांच्या बळावर उभे राहणारे लोक. शिवाय ६० टक्क्यांच्या अटीत ४१ जण ५९ जणांना रोखतात. ते मी तिला सांगितलं, तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, पटलं मात्र नाही.

इश्यू वन पडला. सुमारे ५७ टक्के मतं विरोधात गेली. नोव्हेंबरमध्ये गर्भपाताच्या हक्काची दुरुस्ती ओहायोत जवळपास ५७ टक्क्यांनी मंजूर झाली. फ्लोरिडात २००६ पासून ६० टक्क्यांची अट आहे. तिथे २०२४ मध्ये अशाच दुरुस्तीला ५७ टक्के मतं मिळाली, आणि ती फेटाळली गेली.