होम बटण आणि पांढरी खिडकी

नोंदी ठेवायचं माझं एक छोटं डेस्कटॉप अ‍ॅप आहे, इलेक्ट्रॉनवर (वेब पानांच्या तंत्राने डेस्कटॉप प्रोग्रॅम बनवायची चौकट) बांधलेलं. आत क्रोमियम, क्रोम ब्राउझरचा मूळ गाभा, चालतं, म्हणजे लिहायचं एचटीएमएल आणि जावास्क्रिप्ट, पण दिसायला स्वतंत्र प्रोग्रॅम. ब्राउझरची वरची पट्टी मात्र त्यात नसते. मागे जाणं, पहिल्या पानावर येणं, ही सोय आपणच करायची. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. अ‍ॅप वापरणाऱ्या मैत्रिणीने विचारलं, "रिपोर्टमधून पहिल्या पानावर कसं यायचं?" मी म्हटलं, "बंद करून परत उघड." त्यावर ती काही बोलली नाही, नुसती बघत राहिली.

त्याच संध्याकाळी वरच्या कोपऱ्यात होम बटण म्हणून एक लिंक टाकली, पत्ता म्हणून फक्त एक तिरकी रेघ. डेव्ह सर्व्हरवर, म्हणजे काम करताना माझ्याच मशीनवर चालणाऱ्या सर्व्हरवर, झकास चाललं. वापरणाऱ्याला द्यायचं पॅकेज केलं, बटण दाबलं, आणि खिडकी पांढरीफटक! कारण साधं होतं. पॅकेज केलेलं अ‍ॅप सर्व्हरवरून नाही, फाइल प्रोटोकॉलने, थेट डिस्कवरच्या फाइलमधून, पान उघडतं. तिथे तिरकी रेघ म्हणजे साइटचं मूळ नव्हे, डिस्कचं मूळ. माझं पान तिथे कुठून असणार?

मग मेन प्रोसेसला (खिडक्या आणि मेन्यू सांभाळणारा, पानाबाहेरचा भाग) निरोप पाठवून लोडफाइल या फंक्शनने पहिलं पान नव्याने उघडायचं ठरवलं. ते चाललं, पण पान नव्याने उघडलं की मेमरीतलं सगळं जातं: लावलेला फिल्टर, अर्धवट भरलेला फॉर्म. फॉर्म वाचवायला बिफोरअनलोड, म्हणजे पान सोडण्याआधी चालणारा कोड, लावलं, तर बटण दाबून काहीच होईना. ब्राउझरमध्ये अशा वेळी "पान सोडायचं का?" अशी चौकट येते. इलेक्ट्रॉन ती दाखवत नाही, गुपचूप जाणं रद्द करतं. बटण बिघडलं असं समजून अर्धा दिवस मी नको तिथे शोधत बसले.

शेवटी पान बदलायचंच नाही असं ठरवलं. राउटर, म्हणजे पत्ता बघून कुठला भाग दाखवायचा ते ठरवणारा कोड, हॅशवर (पत्त्यातलं # चिन्ह) नेला. पत्त्यात हॅशच्या पुढचा भाग बदलला तर पान पुन्हा लोड होत नाही, आणि फाइल प्रोटोकॉललाही त्याचं काही वावडं नाही. बिफोरअनलोड आता आपोआप चालत नाही, म्हणून "सेव्ह करायचं राहिलंय" ही चौकट मीच बांधली. जुना इतिहास मुद्दाम पुसला नाही. होमवर येऊन मागे गेलं तर आधीचा रिपोर्ट मिळतो. हे मला बरं वाटतं.

शॉर्टकटचं वेगळंच रामायण. विंडोज आणि लिनक्सवर ऑल्ट आणि होम, कारण ब्राउझरमुळे ते हाताच्या सवयीचं. मॅकवर कमांड-एच सुचलं, पण त्याने अ‍ॅपच लपतं. सफारीत होमसाठी कमांड-शिफ्ट-एच असतं, तेच घेतलं. शॉर्टकटसाठी स्वतःचा मेन्यू लावला आणि मॅकवर कॉपी-पेस्ट बंद पडलं! आपला मेन्यू लावला की मूळचा अख्खा जातो, आणि मॅकवर ते शॉर्टकट एडिट मेन्यूतूनच चालतात. तो मेन्यू परत भरला.

मेन्यू राहतो मेन प्रोसेसमध्ये, राउटर पानात. मधे प्रीलोडमधून (पानाआधी चालणारी छोटी स्क्रिप्ट) काँटेक्स्टब्रिज या सोयीने एक छोटी वाट काढावी लागते, कारण इलेक्ट्रॉन 12 पासून प्रीलोड आणि पान मुळातच अलग ठेवलेले असतात. ही अलगता काढून आणि नोड इंटिग्रेशन (पानाला थेट फाइली वगैरे हाताळू देणारी सोय) चालू करून हे टाळता येतं, असा सल्ला जागोजागी दिसतो. मी तो घेतला नाही. एका बटणापायी पानाला अख्ख्या डिस्कची किल्ली कशाला द्यायची?

सगळं झालं असं वाटलं, तोच मैत्रिणीचा मेसेज: मॅकवर सगळ्या खिडक्या बंद करून मेन्यूतून होम निवडलं की एरर. अ‍ॅप चालू, खिडकी एकही नाही, आणि मी निरोप पाठवतेय कुणाला? आता खिडकी नसेल तर ती आधी उघडते. ती उघडते पहिल्याच पानावर, त्यामुळे पुढे काही करावंच लागत नाही.