गूगल फॉर्म ते ट्रेलो: कोड न लिहिता कामाची साखळी जोडताना

छोट्या डिझाइन स्टुडिओत नवीन काम येतं फॉर्ममधून, नोंद होते शीटमध्ये, प्रत्यक्ष काम चालतं ट्रेलोवर (इथे प्रत्येक कामाचं एक कार्ड असतं आणि ते एका लिस्टमधून दुसरीत सरकतं) आणि टीमचं बोलणं होतं स्लॅकवर. एकच माहिती तीन-चार ठिकाणी हाताने उतरवताना नेमकी डेडलाइन चुकते. हे उतरवणं मेक किंवा झॅपिअर या, वेगवेगळी अ‍ॅप्स आपोआप जोडणाऱ्या सेवांवर सोपवता येतं. झॅपिअरच्या मोफत योजनेत एक ट्रिगर (साखळी सुरू करणारी घटना) आणि एकच कृती बसते, त्यामुळे लांब साखळीसाठी सुरुवात मेकवर (आधीचं नाव इंटिग्रोमॅट) करावी.

साखळीत चार मॉड्यूल, म्हणजे एकेक काम करणाऱ्या पायऱ्या, लागतात. गूगल शीट्सचं ‘वॉच न्यू रोज’ नवीन ओळ पकडतं, ट्रेलोचं मॉड्यूल ‘नवीन कामं’ या लिस्टमध्ये कार्ड तयार करतं, पुन्हा शीट्सचं मॉड्यूल त्याच ओळीत कार्डचा आयडी लिहितं आणि शेवटी स्लॅकवर निरोप जातो. तिसरी पायरी बरेच जण गाळतात, पण सगळा डोलारा तिच्यावरच उभा आहे. पुढे कार्ड ‘पूर्ण’मध्ये सरकलं की शीटमधली कोणती ओळ बदलायची, हे त्या आयडीवरूनच कळतं. नावावरून शोधायला गेलात तर एकाच ग्राहकाची ‘व्हिजिटिंग कार्ड’ नावाची दोन कामं आली की चुकीच्या ओळीवर ‘पूर्ण’ लागतं.

आता खर्चाचा हिशोब. मेकच्या मोफत योजनेत महिन्याला १,००० क्रेडिट मिळतात. दर १५ मिनिटांनी शीट तपासायला सांगितलं तर दिवसाला ९६ तपासण्या होतात आणि नवीन ओळ नसली तरी प्रत्येक तपासणीचं एक क्रेडिट कापलं जातं. म्हणजे अकराव्या दिवशी कोटा संपतो, तोही एकही काम आलं नाही तरी! तासाला एकदा तपासलं तर ३० दिवसांत ७२० जातात, २८० उरतात. एका कामाला पुढच्या तीन मॉड्यूलची तीन क्रेडिट धरली तर महिन्याला ९३ कामं बसतात. छोट्या ऑफिसला एवढं पुरतं. जिथे ‘इन्स्टंट’ लिहिलेला ट्रिगर मिळेल तिथे तोच घ्यावा. काही घडल्याशिवाय तो चालत नाही, म्हणून रिकाम्या तपासण्यांचा खर्चच नाही.

शीटला शिस्त हवी. ‘वॉच न्यू रोज’ शेवटच्या वाचलेल्या ओळीचा क्रमांक लक्षात ठेवतं. मध्ये ओळ रिकामी राहिली तर तिच्या खालचं वाचलं जात नाही. जुन्या ओळी डिलीट केल्या तर मोजणी बिघडते. म्हणून फॉर्मच्या शीटमधल्या ओळी हलवू किंवा डिलीट करू नका. क्रमवारी लावून पाहायची असेल तर फिल्टर व्ह्यू वापरा.

सर्वांत जास्त घोळ तारखेचा होतो. ०३/०४ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल, अमेरिकन पद्धतीने ४ मार्च. शीटच्या सेटिंगमध्ये लोकेल (देशाची पद्धत) भारत ठेवा आणि मेकमध्ये ‘पार्सडेट’ हे मजकुराची तारीख करणारं फंक्शन वापरून आधी दिवस, मग महिना, हा क्रम आणि ‘एशिया/कोलकाता’ हा टाइमझोन स्पष्ट सांगा. टाइमझोन सांगितला नाही आणि वेळ यूटीसी (भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक प्रमाणवेळ) धरली गेली, तर संध्याकाळी ७ ची डेडलाइन कार्डवर साडेपाच तास पुढे, रात्री साडेबाराची, म्हणजे दुसऱ्या दिवसाची दिसते.

उलट दिशेची साखळी वेगळी बांधा: कार्ड ‘पूर्ण’मध्ये गेलं, आयडीवरून ओळ शोधली, स्थिती बदलली, अकाउंट्ससाठी जीमेलमध्ये बिलाचा मसुदा तयार झाला. थेट मेल न पाठवता मसुदाच ठेवा; रक्कम माणसाने पाहूनच ते बिल जावं. आणि एक माहिती एकाच ठिकाणी बदलायची हे आधी ठरवा: डेडलाइन फक्त ट्रेलोवर, ग्राहकाचा तपशील फक्त शीटमध्ये. तेच रकाने दोन्ही बाजूंनी एकमेकांना बदलू लागले की साखळ्या एकमेकींना चालवत राहतात आणि कोटा बघता बघता संपतो.

कोणी ट्रेलोवरची लिस्ट आर्काइव्ह केली किंवा लेबल काढून टाकलं की मॉड्यूल अडतं. लागोपाठ एरर आल्या की मेक वेळापत्रकावरची साखळी बंद करतं आणि मालकाच्या मेलवर कळवतं. तो मेल नोकरी सोडून गेलेल्या सहकाऱ्याचा असेल तर कोणालाच पत्ता लागत नाही. म्हणून गूगल, ट्रेलो आणि स्लॅक यांची जोडणी ऑफिसच्या सामाईक खात्यातूनच करा. त्या खात्याचा गूगल पासवर्ड बदलला की जीमेलची जोडणी तुटते, तेव्हा त्याच दिवशी ती पुन्हा जोडून एक खोटा फॉर्म भरून कार्ड ‘पूर्ण’पर्यंत न्या.