एकच इस्ट्राडायॉल, दोन फाइली

आमच्या घरात हार्मोनच्या दोन फाइली आहेत. एक माझी, पाळी जाताना सुरू झालेल्या उपचारांची. दुसरी माझ्या मुलीची. ती पारलिंगी (ट्रान्स) आहे, म्हणजे जन्मावेळी तिची नोंद मुलगा म्हणून झाली होती, आणि सज्ञान झाल्यावर तिने स्वतः ठरवून हार्मोन सुरू केले. दोन्ही चिठ्ठ्यांवर मुख्य औषध एकच, इस्ट्राडायॉल, म्हणजे इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचा मुख्य प्रकार. त्यामुळे “तुमचं दोघींचं एकच तर चाललंय” असं घरचे म्हणतात, आणि एकीला लागू असलेली भीती दुसरीलाही दाखवली जाते. प्रत्यक्षात डोस ठरवण्याची रीत, तपासण्या, धोके आणि औषध कधी थांबवायचं हा प्रश्न, यातलं जवळजवळ काहीच सारखं नाही. दोन्ही प्रक्रियांतून जाताना जे नीट समजलं ते एकत्र लिहिते आहे.

माझ्या बाजूने सुरुवात करते, कारण ती सोपी आहे. सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं धरतात. आपल्याकडे हे साधारण ४६-४७च्या सुमारास होतं. पंचेचाळिशीनंतर पाळी मागेपुढे होत असेल, अंगातून वाफा निघत असतील, रात्री घामाने जाग येत असेल, तर निदान लक्षणांवरूनच होतं. एफएसएच (अंडाशयाला चालना देणारं हार्मोन) तपासायची गरज नसते, कारण या काळात ते सारखं वरखाली होत राहतं आणि एका रिपोर्टवरून काहीच ठरत नाही. तरी ती तपासणी सर्रास लिहून दिली जाते. खरंच लागतात त्या गोष्टी म्हणजे रक्तदाब, वजन, साखर, लिपिड, मॅमोग्राफी आणि गर्भाशयाची सोनोग्राफी. स्तनाचा कर्करोग, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी, पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका होऊन गेलेला असेल, यकृताचा आजार चालू असेल किंवा कारण न कळलेला रक्तस्राव होत असेल, तर हे औषध सुरू करत नाहीत.

मला जेल दिलं. पंपाच्या बाटलीत एक दाब म्हणजे सव्वा ग्रॅम जेल, त्यात ०.७५ मिग्रॅ इस्ट्राडायॉल. ट्यूब असेल तर सोबतच्या पट्टीवर मोजायचं. तिथली अडीच ग्रॅमची खूण म्हणजे दीड मिग्रॅ. मनगटापासून खांद्यापर्यंत पातळ पसरायचं, जिरवण्यासाठी चोळत बसायचं नाही, वाळू द्यायचं आणि तासभर तिथे पाणी लावायचं नाही. इवल्याशा जागेवर जाड थर दिला तर औषध कमी शोषलं जातं आणि मग “जेलचा उपयोग होत नाही” अशी तक्रार सुरू होते. गोळी हवी असेल तर इस्ट्राडायॉल व्हॅलेरेट १ किंवा २ मिग्रॅ. पण गोळीतलं इस्ट्रोजेन आधी यकृतातून जातं आणि तिथे रक्त गोठवणारे घटक वाढवतं. त्वचेतून घेतलेलं तसं करत नाही. वजन जास्त, रक्तदाब, मायग्रेन किंवा चाळिशी ओलांडलेली असेल तर मी स्वतः जेलच मागेन.

गर्भाशय जागेवर असेल तर नुसतं इस्ट्रोजेन कधीही घ्यायचं नाही. त्याने गर्भाशयाचं अस्तर वाढत जातं आणि पुढे कर्करोगाचा धोका निर्माण होतो. म्हणून सोबत अस्तर वाढू न देणारं हार्मोन, मायक्रोनाइज्ड (बारीक कणांचं) प्रोजेस्टेरॉन: पाळी पूर्ण गेलेली असेल तर रोज १०० मिग्रॅ, नसेल तर महिन्यातले १२ ते १४ दिवस २०० मिग्रॅ. याने झोप येते, म्हणून रात्रीच घ्यायचं. झोप उडालेल्या बाईला हा फायदाच आहे. सुरुवातीचे तीन ते सहा महिने थोडं डाग पडल्यासारखं रक्त जाऊ शकतं. त्यानंतरही जात असेल, किंवा एकदा थांबून पुन्हा सुरू झालं असेल, तर सोनोग्राफीत अस्तराची जाडी बघावी लागते. ४ मिमीच्या वर असेल तर पुढची तपासणी टाळू नये.

इथे रक्तातलं इस्ट्राडायॉल कोणी मोजत नाही. वाफा थांबल्या, झोप लागली, की डोस बरोबर आहे. लक्षणं काबूत ठेवणारा कमीत कमी डोस हे सूत्र.

मुलीच्या फाइलचं सूत्र वेगळं आहे. तिथे इस्ट्राडायॉल तरुण बाईच्या पातळीला न्यायचं असतं आणि टेस्टोस्टेरॉन हे पुरुष-हार्मोन खाली आणायचं असतं. हार्मोनतज्ज्ञांच्या एंडोक्राइन सोसायटी या संस्थेच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे लक्ष्य असतं इस्ट्राडायॉल १०० ते २०० पिकोग्रॅम प्रति मिलि आणि टेस्टोस्टेरॉन ५० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली. पाळी गेल्यावर औषधाशिवाय माझ्या वयाच्या बाईचं इस्ट्राडायॉल २०च्या आसपास किंवा त्याखाली असतं. अंतर लक्षात यावं म्हणून हा आकडा दिला.

तिची प्रक्रिया लांब होती. मानसोपचारतज्ज्ञांचं पत्र लागलं. लिंगभाव-विसंगती, म्हणजे जन्मावेळी नोंदलेलं लिंग आणि स्वतःला जाणवणारं लिंग न जुळणं, हा मानसिक आजार नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये मंजूर केलेल्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत मान्य झालं आहे. व्यक्तीला उपचार समजले आहेत आणि ती विचार करून संमती देते आहे, एवढंच त्या पत्राने सांगायचं असतं. मग एंडोक्रिनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनतज्ज्ञ. २०१९च्या पारलिंगी व्यक्तींच्या कायद्यातलं कलम १५ हार्मोन उपचार आणि त्याआधी-नंतरचं समुपदेशन उपलब्ध करून देण्याची जबाबदारी सरकारवर टाकतं, हे पालकांनी माहीत करून घ्यावं. सरकारी दवाखान्यात बोलताना उपयोगी पडतं.

पहिल्या गोळीच्या आधीचा एक निर्णय माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा: शुक्राणू गोठवून ठेवायचे का? हार्मोन सुरू झाले की शुक्राणू घटतात आणि औषध थांबवल्यावर परत येतीलच याची खात्री देता येत नाही. विषय अवघड वाटतो म्हणून डॉक्टरही कधी कधी घाईने पुढे जातात. आईवडिलांनी आग्रह धरू नये, पण प्रश्न विचारला गेला आहे ना, हे जरूर बघावं.

इस्ट्राडायॉलच्या गोळीचा डोस दिवसाला २ मिग्रॅपासून सुरू होऊन ४ किंवा ६पर्यंत जातो. व्हॅलेरेटच्या २ मिग्रॅ गोळीत प्रत्यक्ष इस्ट्राडायॉल साधारण दीड मिग्रॅच असतं, त्यामुळे परदेशी तक्त्यांशी नुसते आकडे जुळवू नयेत. सोबत टेस्टोस्टेरॉन रोखणारं औषध. स्पायरोनोलॅक्टोन दिवसाला १०० ते ३०० मिग्रॅ, हळूहळू वाढवत. मूळचं हे लघवी वाढवणारं औषध, आणि त्याने रक्तातलं पोटॅशियम चढतं. म्हणून रोजचं शहाळं बंद, आणि घरात ‘लो सोडियम’ मीठ आणलं असेल तर तेही बंद, कारण त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. घरातल्या कोणा रक्तदाबवाल्यासाठी आणलेलं ते मीठ सगळ्यांच्याच आमटीत पडतं, आणि हे कोणी विचारतही नाही. टेल्मिसार्टनसारखी रक्तदाबाची गोळी चालू असेल तर पोटॅशियम आणखी चढू शकतं. दुसरा पर्याय सायप्रोटेरॉन. पूर्वी रोज ५० मिग्रॅ देत; आता १० ते १२.५, म्हणजे ५०च्या गोळीचा पाव तुकडा, पुरतो असं दिसलं आहे. जास्त डोस वर्षानुवर्षं घेतल्यास मेंदूच्या आवरणातल्या मेनिंजिओमा या गाठीचा धोका वाढतो. पाव गोळी पुरत असताना कोणी पूर्ण लिहून देत असेल तर कारण विचारा.

तिला प्रोजेस्टेरॉन का नाही, हा प्रश्न मलाही पडला होता. उत्तर सरळ आहे: गर्भाशय नाही, अस्तर नाही, तेव्हा संरक्षणाची गरज नाही. त्याने स्तनांची वाढ चांगली होते असं खूप जणी सांगतात, पण ते अजून सिद्ध झालेलं नाही.

पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी रक्त तपासतात, पुढे वर्षातून एकदोनदा. गोंधळ बहुतेक वेळा इथे होतो. प्रयोगशाळेच्या फॉर्मवर ‘पु’ किंवा ‘स्त्री’ यावरून सामान्य मर्यादा छापली जाते. टेस्टोस्टेरॉन ठरल्याप्रमाणे उतरलेलं असतं आणि रिपोर्टवर ठळक अक्षरात ‘कमी’ येतं. हिमोग्लोबिनही पुरुषांच्या मर्यादेपेक्षा कमी दिसतं आणि घरातलं कोणी लोहाच्या गोळ्या आणून देतं. हार्मोन स्थिरावल्यावर हिमोग्लोबिन स्त्रियांच्या मर्यादेशी ताडून बघायचं. एकक वेगळं असेल तर पिकोग्रॅमच्या आकड्याला ३.६७ने गुणलं की पिकोमोल प्रति लिटर मिळतं. जेल लावत असाल तर ज्या हाताला जेल लागतं त्या हातातून रक्त देऊ नका. कातडीवरचं औषध सुईला लागून आकडा भलताच वर जातो. गोळी घेतल्यापासून किती तासांनी रक्त दिलं हे दर वेळी सारखं ठेवा. आणि केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तपासणीच्या दोनतीन दिवस आधी थांबवा. पाळी जाताना केस गळतात म्हणून बायका ते घेतात आणि केस वाढवायचे म्हणून ट्रान्स मुलीही. काही यंत्रांवर बायोटिनमुळे इस्ट्राडायॉल आणि टेस्टोस्टेरॉन खोटंच जास्त दिसतं, थायरॉइडच्या तपासणीतलं टीएसएच खोटंच कमी.

आता भीतीविषयी. “हार्मोन घेतलं की कॅन्सर होतो” हे वाक्य मुख्यतः अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या चाचणीतून आलं. तिचा एक भाग २००२मध्ये मध्येच थांबवला गेला. त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं आणि औषध होतं घोडीच्या मूत्रातून काढलेलं ०.६२५ मिग्रॅ इस्ट्रोजेन अधिक २.५ मिग्रॅ मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन (प्रोजेस्टेरॉनसारखं कृत्रिम औषध), तोंडावाटे. १०,००० बायकांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाचे ८ रुग्ण जास्त आढळले, आणि खुब्याचे अस्थिभंग ५ने कमी. तो धोका खराच होता, पण साठीच्या आतल्या किंवा पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या बाईला, जेल आणि मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन घेताना, तेच आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. पंचविशीतल्या ट्रान्स मुलीला तर ते मुळीच लावता येत नाहीत.

तिच्या बाजूची खरी धोक्याची गोष्ट वेगळी आहे, आणि ती माला-डीच्या पाकिटात सापडते. डॉक्टरकडे जायची सोय नसते, लाज वाटते, म्हणून अनेक जणी गर्भनिरोधक गोळ्या दिवसाला दोन-चार अशा घेतात. त्यात इथिनिल इस्ट्राडायॉल असतं. यकृत ते सहज मोडू शकत नाही, रक्त गोठण्याचा धोका त्याने बराच वाढतो. अ‍ॅमस्टरडॅमच्या दवाखान्यात जुन्या काळी ट्रान्स स्त्रियांना हेच देत. तिथे गुठळ्यांचं प्रमाण फार वाढलेलं दिसलं, म्हणून पुढे ते सोडून दिलं. आणखी एक गोष्ट म्हणजे नेहमीच्या इस्ट्राडायॉलच्या तपासणीत हे औषध दिसत नाही. रिपोर्ट कमी येतो, ‘डोस पुरत नाही’ असं वाटतं आणि गोळ्या वाढवल्या जातात. कोणी घेत असेल तर न रागावता हे सांगावं. पोटरी एकाच बाजूला सुजली, दुखली किंवा अचानक धाप लागली तर थेट इस्पितळ.

दोन्ही फाइलींमधला खरा दुवा मला चाळिशीच्या आधी पाळी गेलेल्या बायकांत दिसतो. अंडाशय काढलेल्या तिशीतल्या बाईला नुसत्या वाफा थांबवणारा डोस पुरत नाही. हाडं आणि हृदय जपायला तिला तिच्या वयाला साजेशी पातळी हवी, निदान नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत. म्हणजे तिचा उपचार माझ्यापेक्षा माझ्या मुलीच्या जास्त जवळचा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचा प्रश्न २०१९मध्ये विधिमंडळापर्यंत गेला. त्यांत ज्यांचे अंडाशयही गेले असतील, त्यांच्या हातात हार्मोनची चिठ्ठी पडली का, हा प्रश्न विचारायलाच हवा. पिशवी काढलेल्या प्रत्येक बाईने डिस्चार्ज कार्डावर ‘अंडाशय ठेवले’ की ‘काढले’ हे लिहून घ्यावं.

टेस्टोस्टेरॉनचंही असंच आहे. ट्रान्स पुरुषाला इंजेक्शनने, उदाहरणार्थ दर दोन आठवड्यांनी १०० ते २०० मिग्रॅ, पुरुषांच्या पातळीला नेतात आणि हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) ५४ टक्क्यांच्या वर जाऊ देत नाहीत. पाळी गेलेल्या बाईची कामेच्छा मेली असेल तर तेच औषध पुरुषाच्या डोसच्या साधारण दहाव्या हिश्शाने देतात. जास्त झालं तर आवाज घोगरा होतो आणि औषध थांबवल्यावर तो पूर्वीसारखा होत नाही. उलट ट्रान्स पुरुषाला खाली कोरडेपणा आणि जळजळ झाली तर माझ्या वयाच्या बाईला देतात तेच इस्ट्रिऑलचं (इस्ट्रोजेनचाच एक सौम्य प्रकार) क्रीम उपयोगी पडतं: अर्धा मिग्रॅ, दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. ते रक्तात फारसं उतरत नाही, त्यामुळे दाढीमिशी जाईल ही भीती नको. पाळी थांबली तरी टेस्टोस्टेरॉन हे गर्भनिरोधक नव्हे, हेही त्याला सांगितलेलं असावं.

थांबवायचं कधी? मी दर वर्षी डॉक्टरांसोबत ठरवते: डोस कमी करून बघायचा, वाफा परतल्या तर पुन्हा पहिल्यावर. मुलीला असा टप्पा नाही. वृषण काढण्याची शस्त्रक्रिया झाली की स्पायरोनोलॅक्टोन बंद होतं, पण इस्ट्राडायॉल चालूच राहावं लागतं, कारण तेव्हा शरीराकडे स्वतःचं लैंगिक हार्मोन जवळजवळ उरतच नाही. गोळी महिनोन्महिने चुकली तर तिलाही वाफा येतील, हाडं ठिसूळ होतील. चाळिशीनंतर तिने गोळीवरून जेलवर यावं असं तिच्या डॉक्टरांनी आत्ताच फाइलवर लिहून ठेवलं आहे.