वार अडकण्याआधीचे रक्त

संगमनेर तालुक्यातील एका गोठ्यातली होल्स्टीन संकरित गाय संध्याकाळी व्यायली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिची वार, म्हणजे वासरामागोमाग बाहेर पडणारे गर्भवेष्टन, पडली नव्हती, यात पशुवैद्यकाला नवल वाटावे असे काही नाही. मला मात्र ही गाय विसरता येत नाही, कारण विण्याच्या सुमारे दोन आठवडे आधीच मी तिचे रक्त तपासले होते.

गाभणपणात न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंना गिळून मारणाऱ्या पांढऱ्या पेशी, कशा वागतात हे पाहण्यासाठी मी त्या भागातील गाईंचे नमुने घेत होते. हे रक्त हेपॅरिन या गोठणरोधकाच्या नळीतच घ्यावे लागते. ईडीटीए या नेहमीच्या गोठणरोधकात कॅल्शियम बांधले जाते आणि पेशी या चाचणीच्या कामाच्या राहत नाहीत. रक्त ताजे असतानाच त्यात एनबीटी हे पिवळे रंगद्रव्य मिसळायचे, ३७ अंशांवर ठेवायचे, मग काचपट्टीवर पसरवून सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी मोजायची. जंतू मारण्यासाठी लागणारा क्रियाशील ऑक्सिजन जी पेशी तयार करू शकते, तिच्यात गडद निळे कण दिसतात. त्या गाईच्या रक्तात न्यूट्रोफिल भरपूर होते, पण निळ्या पेशी शेजारच्याच दावणीतल्या भाकड गाईच्या मानाने फारच थोड्या होत्या. नुसती संख्या पाहून ‘रक्त उत्तम’ म्हणणाऱ्या अहवालांवरचा माझा विश्वास तेव्हापासून उडाला आहे.

मी गोठ्यात पोहोचले तेव्हा कोणीतरी लोंबत्या वारेला वीट बांधून ठेवली होती. ती आधी सोडवली. “मॅडम, हात घालून काढून टाका ना, आधीचे डॉक्टर काढायचे,” गाईच्या मालकीण काकू म्हणाल्या. गाईची वार गर्भाशयाला शंभराच्या आसपास गाठींनी जोडलेली असते आणि ओढाताणीने आतले अस्तर फाटते, हे समजावण्यात माझा अर्धा तास गेला. आम्हा पशुवैद्यकांतलेच काहीजण अजून हात घालतात, त्यामुळे लोकांना दोष देता येत नाही.

वारेचा निम्मा वारसा वळूकडचा असतो. गाभणपणात गाईचे शरीर हे परकेपण खपवून घेते, पण विण्याच्या वेळी मात्र ते ओळखावे लागते, आणि न्यूट्रोफिल त्या गाठींकडे गेले की त्या सैल व्हायला मदत होते. अमेरिकेत आयोवातील एम्स येथे किमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवले की ज्या गाईंची वार पुढे अडकली, त्यांच्या न्यूट्रोफिलची वारेकडे सरकण्याची क्षमता विण्याच्या दोन आठवडे आधीच कमी झालेली होती. शिवाय विताना कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक वाढते, पेशींच्या पृष्ठभागावरचे एल-सिलेक्टिन हे चिकटायला मदत करणारे प्रथिन गळते, आणि या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला न चिकटता रक्तातच फिरत राहतात. म्हणून मोजणीत आकडा फुगलेला दिसतो आणि कास व गर्भाशय मात्र जंतूंपुढे उघडे पडतात.

तसेच झाले. पुढे दोनच दिवसांत मागच्या उजव्या सडातून पाण्यासारखे दूध येऊ लागले आणि कासेचा तो भाग दगडासारखा घट्ट झाला. उपचारांनी गाय वाचली, तो सड मात्र त्या वेतापुरता गेला.

हे सगळे एका रेषेत बसवायचा मोह होतो, पण त्याच सुमारास तपासलेल्या दुसऱ्या एका गाईच्या पेशीही तितक्याच निस्तेज होत्या आणि तिची वार काही तासांत आपोआप पडली. दोघींत मला सापडलेला ठळक फरक खुराकाचा होता. वार अडकलेल्या गाईला आटवल्यापासून नुसता कडबा मिळत होता. दूध थांबले की पेंड आणि क्षारमिश्रण थांबवायचे, हा हिशेब घरोघरी चालतो, आणि सल्ला द्यायला येणारेही दुधाचाच आकडा विचारतात. सेलेनियम आणि जीवनसत्त्व ई यांच्या कमतरतेत न्यूट्रोफिल मंदावतात हे माहीत असूनही, या गाईत तेच कारण होते असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, कारण तिच्या रक्तातले सेलेनियम मोजलेलेच नव्हते. पुढच्या वेताआधी दोन्ही मोजायचे ठरले आहे. काकूंनी होकार दिला आहे, फक्त सुई एकदाच टोचायची या अटीवर.