ओल्या सोडा ॲशची रेक आणि "आधी खाली करा"

मिठापूर, पोरबंदर, सुत्रापाडा या सौराष्ट्राच्या पट्ट्यातून काचकारखान्यासाठी सोडा ॲश (सोडियम कार्बोनेटची पूड) रेल्वेने आणायची, तर निम्मं काम हल्ली संगणकावरच उरकतं. मागणी ऑनलाइन नोंदवा, भाडं ऑनलाइन भरा, आरआर म्हणजे रेल्वेची पावतीसुद्धा इलेक्ट्रॉनिक. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझा राग आहे तो एका वाक्यावर. पावसाळ्यात रेक (डब्यांची अख्खी मालगाडी) धक्क्याला लागली, दोन-चार डबे गळके निघाले, की मालधक्क्याच्या कार्यालयातून ते हमखास ऐकू येतं: "आधी गाडी खाली करा, ओल्याचं मग बघू." (धक्क्याचं नाव घेत नाही.)

हे "मग" कधीच उजाडत नाही. गोण्या एकदा धक्क्यावर आल्या की कुठली गोणी कुठल्या डब्यातली हे कोणी सांगू शकत नाही, आणि मग "माल इथे उतरल्यावर भिजला नसेल कशावरून?" असा प्रश्न तुमच्याच गळ्यात पडतो.

आधी हे समजून घ्या की ओल्या सोड्याचं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. सोडा ॲश ओलावा धरते, त्यातून मोनोहायड्रेट (पाणी बांधून बसलेला सोडा) बनतं आणि गोणी दगडासारखी बसते. पूर्ण मोनोहायड्रेट झालं तर त्यात वजनाने साधारण १४.५ टक्के पाणी असतं. म्हणजे काट्यावर गोणी पन्नास किलोची पन्नास भरते, कधी जास्तच भरते, आणि कारकून म्हणतो, "वजन पूर्ण आहे, नुकसान कुठाय?" नुकसान भट्टीत आहे. बाटलीच्या काचेत १३-१४ टक्के सोडियम ऑक्साइड लागतं, ते जवळजवळ सगळं या सोड्यातूनच येतं. बॅचमध्ये (भट्टीत घालायच्या मिश्रणात) सोडा कमी पडला की वाळू वितळायला उशीर, आणि ढेकळं तशीच गेली की काचेत रेषा. भट्टी वर्षानुवर्षं अखंड चालते, माल खराब म्हणून ती विझवता येत नाही.

आता अडकण्याची जागा. रेल्वे अधिनियम १९८९ चं कलम ८१ स्पष्ट आहे: माल खराब स्थितीत पोचला किंवा छेडछाडीची खूण दिसली, आणि माल घेणाऱ्याने मागितली, तर ओपन डिलिव्हरी (रेल्वेच्या माणसासमोर माल उघडून, तपासून ताबा) द्यावी लागते. पण ती द्यायला अधिकारी यावा लागतो, आणि तो येईपर्यंत डॅमरेजचं (डबे वेळेत रिकामे न केल्याच्या आकाराचं) घड्याळ चालू राहतं. मूळ दर डब्यामागे तासाला १५० रुपये. ४२ डब्यांच्या बीसीएन (बंद डब्यांच्या) रेकला तासाला ६,३०० झाले, आणि उशीर लांबला तर दर चढत जातो. त्यातही डॅमरेज फक्त गळक्या डब्यांवर लागत नाही, पूर्ण रेक अडकली असं धरतात. कार्यालयाला हे पक्कं माहीत असतं. म्हणूनच "मग बघू".

यातून वाट अशी. दार उघडण्याआधी गळक्या डब्यांचे नंबर, सीलचे नंबर आणि छताची अवस्था यांचे फोटो घ्या, तारीख-वेळ दिसेल असे. तिथेच ओपन डिलिव्हरीचा अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, वेळ घ्या. अर्ज घ्यायला का-कू केली तर स्टेशन मास्तरांकडे द्या, सोबत विभागीय वाणिज्य कार्यालयाला ईमेल करा. वाद घालण्यात अर्धा तास जातो, ईमेलला पाच मिनिटं पुरतात. मग मुकादमाला सांगून कोरडे डबे आधी सोडवा. साठ टनांच्या डब्यात पन्नास किलोच्या १,२०० गोण्या, म्हणजे अख्ख्या रेकमध्ये पन्नास हजार. टोळी तिथे कामाला लागलेली असते, आणि तेवढ्यात निरीक्षक येण्याची शक्यता असते.

नाहीच आला, तर ओले डबे रिकामे करायची तयारी दाखवा, पण एका अटीवर: प्रत्येक डब्याची थप्पी शेडमध्ये वेगळी, पाटीवर डब्याचा नंबर, आणि रेल्वेच्या माणसासमोर मोजून सही केलेली संयुक्त नोंद. त्या नोंदीत "सील शाबूत, छत गळके, आतून पाण्याचे ओघळ" हे शब्द असलेच पाहिजेत. सील शाबूत आणि छत गळकं, म्हणजे माल डब्यातच भिजला, उतरल्यावर नाही, एवढं त्यातून दिसतं. "माल ओला आढळला" इतकंच लिहून दिलं तर सही करू नका. थप्प्यांना व्हार्फेज (धक्क्यावर माल ठेवल्याचा आकार) लागतं, पण त्यालाही मोकळे तास असतात आणि ते रेक अडवण्यापेक्षा परवडतं.

नमुने तिथेच घ्या, तीन भागांत, जाड पॉलिथिनमध्ये सील करून: एक रेल्वेकडे, एक विम्याच्या सर्व्हेअरकडे, एक तुमच्या प्रयोगशाळेत. २५० अंशांच्या आसपास तापवून किती वजन घटतं ते काढलं की "वजन पूर्ण आहे" याला उत्तर मिळतं. हीच टक्केवारी नुकसानीच्या आकड्याचा पाया. रेक लागल्याचा मेसेज आला की सर्व्हेअरला लगेच कळवा, ओलं सापडल्यावर नाही. तो रात्री येत नाही.

डॅमरेज लागलंच तर माफीचा लेखी अर्ज दहा दिवसांत. त्यात ओपन डिलिव्हरीच्या अर्जावरची वेळ जोडा. तो शिक्का इथे कामाला येतो, आणि खरं सांगायचं तर असा शिक्का हातात असला की समोरच्याचा आवाज आपोआप खाली येतो. ते बघायला मला आवडतं.

हे मुळात लोडिंगच्या ठिकाणीच थांबवता येतं. रिकाम्या डब्यात एका माणसाला उभं करून दारं लावा. छतातून उजेडाचा ठिपका दिसला तर डबा नाकारा आणि नाकारल्याचं लेखी द्या. पुढे रेल्वेचा पहिला बचाव "डबा तुम्हीच तपासून घेतला होता" हा असतो. दारांच्या फटी बुजवा, दारापाशी ताडपत्री लावा. "सेड टू कंटेन" (आत इतका माल आहे असं पाठवणारा म्हणतो, रेल्वेने मोजलेला नाही) अशा शेऱ्याची आरआर असेल तर गोण्यांच्या संख्येचा पुरावा तुम्हालाच द्यावा लागतो, म्हणून लोडिंगचा टॅली कागद जपून ठेवा.

लाइट सोडा स्वस्त मिळतो म्हणून रेकने मागवू नका. तो डेन्स म्हणजे जड, दाणेदार सोड्याच्या निम्म्या घनतेचा. डबा भरतो पण टन भरत नाहीत, भाडं मात्र डब्याच्या क्षमतेच्या हिशेबाने बसू शकतं. शिवाय भट्टीत त्याची धूळ उडते आणि रिजनरेटरच्या (भट्टीची उष्णता साठवणाऱ्या कक्षाच्या) विटा खाते.

वाळू उघड्या बॉक्सएन डब्यातून आणणाऱ्यांसाठी: आधीच्या फेरीत त्यात काय होतं ते विचारा आणि कोपरे झाडून घ्या. कोळशाची भुकटी मिसळली तर बिनरंगी काचेचा रंग बिघडतो, लोहखनिजाने हिरवट झाक येते. क्रोमाइटचा कण वितळतच नाही, बाटलीत काळा ठिपका होऊन बसतो.

ढेकळं झालेला सोडा फेकू नका. दळून, ओलाव्याची दुरुस्ती धरून, रोज थोडा थोडा बॅचमध्ये घाला. बॅच ३५ अंशांच्या वर गरम ठेवा, नाहीतर जास्त पाणी धरणारे हायड्रेट बनून ती हॉपरमध्येच घट्ट बसते.

आणि दाव्याची नोटीस: कलम १०६ प्रमाणे सहा महिने, पण ते मोजायचे माल रेल्वेकडे सोपवल्याच्या तारखेपासून, तुम्हाला मिळाल्याच्या नव्हे. विमा कंपनी पैसे देणार म्हणून ही नोटीस टाळू नका. मुदत हुकली तर रेल्वेकडून वसुलीचा तिचा हक्क बुडतो, आणि ती रक्कम ती तुमच्याच दाव्यातून कापू शकते.