अँटेना काढली की डिश लागते

अलिबागकडच्या किहीमजवळच्या एका होमस्टेमधली तक्रार ऐकायला विचित्र होती. गच्चीवर डिश आणि अँटेना दोन्ही, हॉलमध्ये उतरणारी वायर मात्र एकच. अँटेनाची वायर काढून ठेवली की डिशचे चॅनेल स्वच्छ लागायचे, जोडली की डिशच्या सेट-टॉप बॉक्सवर 'नो सिग्नल'. उलट, बॉक्सचा स्विच भिंतीवर बंद केला की अँटेनावरचं दूरदर्शन गायब. मालकीणबाईंचा निष्कर्ष पक्का होता: "दादा, ही दोघं एका वायरीत नांदायची नाहीत. तुम्ही सरळ दुसरी वायर टाका."

दुसरी वायर टाकायला जागाच नव्हती. घर चिऱ्याचं, पाइप गिलाव्याच्या आत, त्यात एक आरजी-६, म्हणजे मधे तार आणि भोवती जाळी असलेली टीव्हीची वायर, बसलेली. तिच्या शेजारून दुसरी सरकेना. आणि खरं तर तिची गरजही नव्हती. अँटेनाचा यूएचएफ (टीव्हीच्या वरच्या पट्ट्याचा) सिग्नल ४७० ते ८६२ मेगाहर्ट्झमध्ये असतो. डिशच्या तोंडाशी बसवलेला एलएनबी, म्हणजे सिग्नल पकडणारा डबा, उपग्रहाची फ्रिक्वेन्सी खाली उतरवून ९५० ते २१५० मध्ये आणून देतो. दोघांच्या मध्ये चांगली फट आहे. डायप्लेक्सर, म्हणजे बाजारात ज्याला कॉम्बायनर म्हणतात तो, याच फटीवर दोन वाटा करतो. वर एक लावून सिग्नल एकत्र करायचे, खाली तसाच दुसरा उलटा लावून वेगळे करायचे. प्रत्येकात एक ते दोन डीबी (सिग्नलची ताकद मोजायचं माप) जातात, बाकी काही बिघडत नाही.

पण त्याच वायरीतून तिसरी गोष्टही जाते, आणि ती सिग्नल नाही. बॉक्स एलएनबीला वर वीज पाठवतो: व्हर्टिकल (उभ्या लहरीच्या) चॅनेलसाठी १३ व्होल्ट, हॉरिझाँटलसाठी (आडव्या) १८. बँड बदलायचा असेल तर त्यावर २२ किलोहर्ट्झचा टोन. एकमेकांत गुंतलेले दोष दिसले की मी आधी हा डीसी, म्हणजे ही एका दिशेची वीज, कुठून कुठे जाते ते बघतो. बॉक्स बंद केल्यावर अँटेना मरते, याचा सरळ अर्थ अँटेनाही बॉक्सचीच वीज खात होती.

अँटेना मुळात हवी कशाला, हे कोकणात सांगावं लागत नाही. जुलैचा पाऊस कोसळायला लागला की केयू बँडची (दहा हजार मेगाहर्ट्झच्या वरच्या सिग्नलची) डिश आंधळी होते. ५०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या सिग्नलला पावसाचा फरक पडत नाही. वरळीच्या मनोऱ्यावरून २०१६ पासून सुरू झालेलं दूरदर्शनचं डिजिटल प्रक्षेपण किहीमला समुद्रावरून सरळ येतं, अंतर साधारण ३० किलोमीटर. टीव्हीत डीव्हीबी-टी२ ट्यूनर, म्हणजे हे डिजिटल प्रक्षेपण वाचणारा भाग, मात्र हवा. इथे विकल्या जाणाऱ्या सगळ्या टीव्हींत तो नसतो, म्हणून आधी सेटचा मेनू उघडून बघावा. या घरात अँटेना उत्तरेला समुद्राकडे बघत होती आणि दूरदर्शनच्या मोफत सेवेची, फ्री डिशची, डिश ९३.५ अंश पूर्वेच्या उपग्रहासाठी आग्नेयेला, डोंगराच्या बाजूला, सुमारे ५८ अंश वर. दोन्हींची दिशा बरोबर होती.

गच्चीवर जाण्याआधी खाली मोजलं. बॉक्सच्या तोंडाशी १३.४ व्होल्ट, ठीक. मग वर, सगळं जोडलेलं असताना एलएनबीपाशी टी (वायर न तोडता मोजायचा तीन तोंडांचा जोड) लावून: १०.७. एवढ्यावर एलएनबी चालेल याची खात्री नाही, ११.५ च्या खाली बहुतेक एलएनबी रडतात. अँटेनाची वायर काढली, आकडा ११.६ वर चढला आणि डिश लागली. मालकीणबाई जे बघत होत्या ते तंतोतंत खरं होतं, कारण तेवढं वेगळं होतं.

मग बॉक्सचा प्लग काढला. एफ कनेक्टर (वायरीच्या टोकाचा आट्यांचा जोड) उघडण्याआधी हे करायचंच. मधली तार जाळीला टेकली तर बॉक्समधला एलएनबीचा पुरवठा उडू शकतो. वरच्या टोकाला मधली तार आणि जाळी एकत्र शॉर्ट करून खालून ओहम मोजले. वायर सुमारे २७ मीटर, आत तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी तार. अशा वायरीची जाऊन-येऊन तीन ओहमच्या आसपास भरते. कॉम्बायनर मधे ठेवून तेच मोजलं तर पंधरा. म्हणजे बारा ओहम कुठेतरी सांध्यात. एलएनबी १२० मिलिॲम्पियर आणि अँटेनाच्या खांबावरचा ॲम्प्लिफायर ६०, मिळून १८०. गुणाकार केला की २.७ व्होल्ट वाटेत जातात, १३.४ मधून ते वजा केले की हिशेब मिटला.

सांधा उघडला तेव्हा टेपखाली सिलिकॉनचा थर होता, आंबट वासाचा. हे सिलिकॉन सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं आणि तांबं खातं. खिडकीच्या काचेला चालेल, कनेक्टरला नाही. आत मधली तार हिरवी पडून निम्मी झाली होती. खारी हवा सगळ्याच जोडांना खाते, पण इथे मधल्या तारेवर कायम पॉझिटिव्ह व्होल्टेज असतो. ओल शिरली की तांबं तिथून विरघळायला लागतं, अगदी मुलामा चढवण्याच्या टाकीत होतं तसं. म्हणून किनाऱ्यावर डिशची वायर अँटेनाच्या वायरीआधी कुजते.

कॉम्बायनर दोन्ही बाजूंनी डीसी जाऊ देणारा होता. असे मिळतात आणि त्यांवर बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही असतं. आपल्याला सॅटेलाइटच्या बाजूने डीसी पास आणि अँटेनाच्या बाजूने ब्लॉक हवा. खाली टीव्हीमागे तर डायप्लेक्सर नव्हताच, केबलवाल्याचा दोन वाटांचा स्प्लिटर होता, ५ ते १००० मेगाहर्ट्झचा. अँटेनाला त्यात चार डीबीचा तोटा, आणि डिशचे वरच्या फ्रिक्वेन्सीचे ट्रान्सपाँडर (उपग्रहावरचे चॅनेलांचे गठ्ठे) कसेबसे तग धरून. त्याची एकच बाजू डीसी पास होती आणि बॉक्स नेमका तिकडे होता, एवढं नशीब. उलटं असतं तर १३-१८ व्होल्ट टीव्हीच्या अँटेना सॉकेटवर गेले असते आणि काही टीव्हींचं ते सॉकेट डीसीला सरळ जमीन दाखवतं.

ॲम्प्लिफायरचं काय करायचं, हा खरा निर्णय. ठेवायचा तर त्याला १२ व्होल्टचा वेगळा ॲडॉप्टर आणि वायरीत वीज सोडणारा पॉवर इन्सर्टर लागतो, तोही कॉम्बायनरच्या आधी, अँटेनाच्या वायरीत. म्हणजे जिन्याच्या खोलीत आणखी एक खारवणारा पॉइंट. मी तो काढूनच टाकला. यूएचएफला २७ मीटरमध्ये साडेचार डीबी आणि दोन डायप्लेक्सरमध्ये तीन, एवढा तोटा समोर मनोरा असताना चांगली यागी (आडव्या काड्यांची अँटेना) सहज पेलते. तिचा खांब मात्र मीटरभर वाढवला. समुद्रावरून परावर्तित होणारा सिग्नल सरळ येणाऱ्याशी भांडतो आणि भरतीला पाणी वर आलं की अँटेनाची पाण्यापासूनची उंची घटते, पातळी उतरते. खाली भिंतीपाशी ओहोटीला ५८ डीबी मायक्रोव्होल्ट (सिग्नलच्या पातळीचं माप) मिळाले, भरतीला ५५. ४५ च्या वर असलं की काम होतं. डिशचे ६३ भरले. तिथे ४७ ते ७७ ची मर्यादा धरतात.

नवे कनेक्टर कॉम्प्रेशनचे, हाताने पिळायचे नाहीत. मधली तार कडेच्या बाहेर दोन-तीन मिलिमीटर, जाळीचा एक केसही तिला लागता कामा नये. वर सेल्फ-अमाल्गमेटिंग (ताणून गुंडाळली की स्वतःशीच एकजीव होणारी) टेप ताणून, कॉम्बायनरची तोंडं खाली करून, वायरीला पाणी निथळायला वाक देऊन. सैल जोड नुसता ओल घेत नाही, मोबाइल टॉवरचा सिग्नलही घेतो. उपग्रहाच्या फ्रिक्वेन्सीतून ९,७५० वजा करणाऱ्या एलएनबीवर ११,५५५ ते ११,६३० मेगाहर्ट्झमधले ट्रान्सपाँडर वायरीत १८०५ ते १८८० वर उतरतात, आणि मोबाइलचा १८०० चा बँड तिथेच बोलतो. बाकी सगळं चालू आणि नेमके तेवढेच चॅनेल तुटक, असं दिसलं तर आकाशाकडे न बघता कनेक्टर बघावा.

निघताना बाईंनी विचारलं, आता खोल्यांमध्येही याच वायरीतून टीव्ही नेता येतील का. दूरदर्शन नेता येईल: खालच्या डायप्लेक्सरच्या अँटेना बाजूला साधा स्प्लिटर लावून, तीन खोल्या झाल्या तर ॲम्प्लिफायर घरात, कोरड्या जागी. डिश नाही. एक एलएनबी एका वेळी एकाच बॉक्सचे १३ किंवा १८ ऐकतो. दुसऱ्या बॉक्सला ट्विन (दोन स्वतंत्र तोंडांचा) एलएनबी आणि त्याची स्वतःची वायर लागते. ती बाहेरच्या भिंतीवरूनच आणावी लागेल.